आधी पेन्सिल, मग माऊस : इंजिनिअरिंग ड्रॉईंग शिकायचं कसं?

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या तालुक्याच्या गावी चौकाचौकात क्लासचे बोर्ड लागतात. त्यात 'तीन महिन्यांत ऑटोकॅड शिका, नोकरी मिळवा' हा बोर्ड हमखास असतो. आईबाप हजारो रुपये फी भरतात, पोरगं सर्टिफिकेट घेऊन येतं आणि एमआयडीसीत इंटरव्ह्यूला गेलं की समोरचा साहेब एक लोखंडी तुकडा हातात देऊन म्हणतो, "याचं ड्रॉईंग काढ. कॉम्प्युटरवर नको, कागदावर." तिथं पोरगं अडकतं. ही तक्रार मी तीन-चार पालकांकडून ऐकली, म्हणून हा विषय घेतला. दुसरं कारण माझ्या घरचं आहे, ते आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मृगाचा पाऊस चांगला झाला. वापसा आला, सोयाबीनचं बियाणं घरात, आणि पेरणी यंत्राच्या चाकाचा ब्रॅकेट मोडला. हा ब्रॅकेट म्हणजे आठ मिलीमीटर जाडीची पट्टी, इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली. एक पाय 120 मिलीमीटरचा, दुसरा 80 चा, रुंदी 75. लांब पायात मधोमध नव्हे तर एका कडेपासून 25 मिलीमीटरवर शाफ्टचा बुश वेल्डिंग केलेला. मोडका तुकडा शेतात कुठं पडला ते सापडेना, म्हणून यंत्रावर मापं घेतली, वहीच्या कागदावर चौकोन काढला, आत गोल काढला, आकडे टाकले आणि वर्कशॉपला दिला.

दुसऱ्या दिवशी ब्रॅकेट मिळाला. सगळी मापं तंतोतंत. बसवायला गेलो तर बुश एक इंच भलतीकडे! शाफ्ट तिरका व्हायला लागला. पट्टी उलटी करून बसवावी तर वाक नको त्या बाजूला जातोय. कुणी म्हणेल, दुसरं भोक पाडायचं. पण बुश वेल्ड झालेला, तो कापून परत लावण्यात पट्टी वाकडी होते. मिस्त्रीशी वाद घातला. तो म्हणाला, "भाऊ, कागदावर आहे तसंच केलंय." आणि त्याचं खरं होतं. मी वाक माझ्याकडे धरून चित्र काढलं होतं, त्यानं वाक पलीकडे आहे असं समजून बनवलं. नवीन ब्रॅकेट होईपर्यंत दोन दिवस गेले, वरची ओल उडाली, आणि त्या तीन एकरात उगवण विरळ झाली ती झालीच.

पुतण्या तेव्हा आयटीआयला ड्राफ्ट्समन मेकॅनिकलला पहिल्या वर्षात होता. त्यानं माझा कागद बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काका, हे कुठनं बघून काढलंय?"

सगळं इंजिनिअरिंग ड्रॉईंग या एका प्रश्नावर उभं आहे, हे मला तेव्हा कळलं.

एक वस्तू, तीन नजरा

घरातली वीट घ्या. वरच्या तोंडाला भट्टीवाल्याच्या नावाचा खोलगट छाप असतो ती. समोर उभं राहून, डोळा विटेच्या बरोबरीला आणून बघा. फक्त एक आडवा चौकोन दिसेल, छाप दिसणार नाही. आता वरून बघा. मोठा चौकोन आणि त्यात छाप. बाजूनं बघा, छोटा चौकोन. एका नजरेत वीट पूर्ण कळत नाही, तीन मिळून कळते. आणि समोरून न दिसणारा खड्डा आहे हे सांगायला तिथं तुटक रेघ मारतात. दिसणारी कड अखंड जाड रेघेनं, झाकलेली कड तुटक रेघेनं, आणि गोलाचा मध्य दाखवायला लांब-आखूड अशी बारीक रेघ. ही झाली या भाषेची बाराखडी.

माझ्या ब्रॅकेटचं बघा. समोरून लांब पाय काढला. आखूड पाय माझ्याकडे वळला असेल तर खालच्या कडेपासून आठ मिलीमीटरवर अखंड रेघ येते. पलीकडे वळला असेल तर तीच रेघ, त्याच जागी, पण तुटक. मी ती रेघच मारली नव्हती. बाजूनं दिसणारं चित्र काढलं असतं तरी वाक कुठल्या अंगाला आहे हे उघड झालं असतं.

ही चित्रं कागदावर कुठं मांडायची याचाही नियम आहे आणि त्यात नवखे सगळेच गडबडतात. आपल्या देशात पहिल्या कोनाची पद्धत चालते, म्हणजे फर्स्ट अँगल. त्यात समोरचं चित्र वर, वरून दिसणारं त्याच्या खाली, आणि डावीकडून बघितलेलं उजव्या हाताला. उलटं वाटतं ना? असं समजा की वस्तू तुमच्या आणि भिंतीच्या मधे आहे. डावीकडून बॅटरी मारली तर सावली उजव्या भिंतीवर पडणार. तसंच हे. अमेरिकेत तिसरा कोन चालतो, तिथं वरचं चित्र वर आणि डावीकडचं डावीकडेच. बाहेरदेशी माल पाठवणाऱ्या कारखान्यात दोन्ही प्रकारचे कागद येऊ शकतात. शीटवर कापलेल्या शंकूचं छोटं चिन्ह असतं, त्यावरून पद्धत ओळखायची. ते न बघता काम केलं तर उजव्याचा डावा पार्ट होतो. माझ्या चुकीचंच हे मोठं भावंड.

(जाता जाता : वस्तूची अशी चित्रं काढून मोजण्याचं शास्त्र अठराव्या शतकात फ्रान्सच्या गास्पार मोंज या गणितज्ञानं बसवलं. किल्ल्यांच्या बांधकामात त्याचा इतका उपयोग झाला की काही वर्षं ते लष्करी गुपित म्हणून ठेवलं होतं.)

हातानं कशाला, मशीन असताना?

हा प्रश्न पुतण्याला मीच विचारला. आयटीआयला पोरं आधी बोर्ड, टी-स्क्वेअर, गुण्या घेऊन शीट काढतात आणि कॉम्प्युटर नंतर येतो. मला वाटायचं, जुना अभ्यासक्रम आहे, बदलला नसेल. पण त्याचं ऐकल्यावर पटलं. कॉम्प्युटरला तुम्ही जे सांगाल ते तो काढतो. 1200 चा शाफ्ट 120 टाकला तर तो 120 चा काढतो, आणि स्क्रीनवर तो झूम करून तेवढाच मोठा दिसतो. हातानं काढणाऱ्याला मात्र शाफ्ट जाडीच्या मानानं फारच आखूड झालाय हे पेन्सिल चालतानाच खटकतं. प्रमाणाची ही नजर हातानं काढूनच येते.

शिवाय वस्तू बघायला जाल तिथं कॉम्प्युटर नसतो. शेतात, विहिरीवर, बंद पडलेल्या मशीनखाली झोपून माप घ्यायचं असतं. तिथं वही आणि पेन्सिलच.

शिकायला खर्च जवळपास नाही. गणिताची चौकटीची वही आणि एचबी पेन्सिल. आधी मध्यरेषा मारायच्या. मग वस्तू ज्या खोक्यात बसेल ते खोकं फिकट रेघांनी काढायचं आणि त्यातून कापत कापत आकार आणायचा. सरळ रेघ मारताना मनगट नाही, कोपरापासून हात हलवायचा आणि नजर पेन्सिलच्या टोकावर नाही, जिथं पोचायचंय त्या ठिपक्यावर ठेवायची. बैलजोडीनं सरी काढताना समोरच्या खुंट्याकडे बघतो तसंच. गोल काढायला आधी चौकोन, त्याच्या चार बाजूंचे मध्य, कर्ण, आणि मग चार कमानी जोडायच्या. पहिले आठ दिवस गोलाचा बटाटाच होतो. पुतण्याच्या वहीत मी बघितलेत. शेवटी सगळं पक्कं झालं की खऱ्या कडा गडद करायच्या.

स्केचला स्केल नसतं, पण प्रमाण असतं, आणि आकडा खरा असतो. आकडे टाकायची एक रीत मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. तीन भोकं असतील तर पहिल्यापासून दुसरं, दुसऱ्यापासून तिसरं असं माप देऊ नये. तिन्ही एकाच कडेपासून द्यावीत. नाहीतर प्रत्येक ठिकाणी अर्धा मिलीमीटर चुकला तर तिसऱ्या भोकाला दीड मिलीमीटरचा फरक पडतो आणि बोल्ट जात नाही.

आणखी एक अडचण आपल्याकडची. ड्रॉईंग मिलीमीटरमध्ये आणि मिस्त्री बोलतो सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत साधारण सव्वातीन मिलीमीटर. 'दोन सुती पट्टी' म्हटलं की पाव इंच, सहा मिलीमीटरच्या थोडी वर. दोन्ही भाषा येणाऱ्या पोराला वर्कशॉपमध्ये लगेच मान मिळतो.

शाळेतली एलिमेंटरी, इंटरमिजिएटची चित्रकला परीक्षा आपण दहावीच्या वाढीव गुणांपुरतीच बघतो. त्यातल्या भूमितीच्या आणि अक्षरलेखनाच्या पेपरला पोरं कंटाळतात, पण पुढं ड्राफ्ट्समनला कामाला येतं ते हेच.

चित्रकलेतून कारखान्यात गेलेल्या माणसाचा दाखला तर आपल्या जिल्ह्यातच आहे. किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकार व्हायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं, म्हणून रंगकाम सुटलं. पण यांत्रिक ड्रॉईंगला रंग लागत नाही! ते त्यांनी शिकलं आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवलंही. पुढं बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर, आणि 1910 साली कुंडलच्या माळावर कारखाना. लोखंडी फाळानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो नांगर घ्यायला तयार नव्हते, ही गोष्ट आपल्याकडची जुनी माणसं अजून सांगतात.

मग कॅड कधी?

तीन नजरांची चित्रं न अडखळता काढता येऊ लागली की. मग कॉम्प्युटरचं खरं सुख कळतं. ऑटोकॅड 1982 साली बाजारात आलं. तोवर एक माप बदललं की खोडायचं, नाहीतर पूर्ण शीट परत. आता तेवढी रेघ सरकवली की झालं. हातानं शीट काढताना मोठी वस्तू 1:5, 1:10 अशी लहान करावी लागते. कॅडमध्ये मात्र वस्तू खऱ्या मापातच काढायची, लहान करायचं ते छापताना. नवीन पोरं इथंही चुकतात, स्क्रीनवरच लहान करून काढतात आणि मग मापं जुळत नाहीत.

कमांड पाठ करायची भीती वाटते, पण रोजच्या कामाला पंधरा-वीसच लागतात. रेघ, गोल, ठरावीक अंतरावर तशीच दुसरी रेघ काढणारी ऑफसेट, जास्तीचं छाटणारी ट्रिम. एफ8 दाबलं की रेघ आडवी किंवा उभीच जाते. एफ3 नं टोकाला टोक बरोबर चिकटतं. हे स्नॅप बंद ठेवून अंदाजानं जोडलेली टोकं डोळ्याला जुळलेली दिसतात, प्रत्यक्षात केसभर फट राहते. ती फाईल लेझर कटिंगवाल्याकडे गेली की आकार बंद नाही म्हणून मशीन अडतं. एकावर एक दोन रेघा असल्या तर त्याच जागी दोनदा कापतं. कागदावर अशी चूक लपली असती, इथं पत्रा वाया जातो.

यासाठी महागडं सॉफ्टवेअर चोरून टाकायची गरज नाही. लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड फुकट आहेत, लिब्रेकॅड तर जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. विद्यार्थ्यांना ऑटोकॅडही शिक्षणापुरतं विनामूल्य मिळतं.

फी भरायच्या आधी क्लासमध्ये जाऊन एवढंच विचारा : पोराच्या हातात खरी वस्तू आणि व्हर्नियर कॅलिपर देणार का, की फक्त छापील चित्र बघून स्क्रीनवर उतरवायला लावणार? माझ्या मते दुसऱ्या प्रकारचा क्लास म्हणजे टायपिंग आहे. येतं ते बोटांना, वाचता काही येत नाही. आयटीआयचा ड्राफ्ट्समन कोर्स दोन वर्षांचा आहे, मेकॅनिकल आणि सिव्हिल दोन्ही, दहावीनंतर. वेळ जातो, पण बोर्डावर हात बसतो.

आमच्या ब्रॅकेटचं पुढं काय झालं, तर पुतण्यानं दिवाळीच्या सुट्टीत आधी वहीत स्केच केलं, मग कॅडवर काढलं. तो ए4 कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी पेरणी यंत्राच्या पेटीत ठेवलाय. गेल्या हंगामात शेजारच्या वस्तीवरचा एकजण त्याचा फोटो न्यायला आला, पण त्याचा मोडला होता दुसऱ्या अंगाचा. पुतण्यानं मिरर नावाची कमांड दिली आणि उजव्याचा डावा एका क्षणात झाला. माझे दोन दिवस खाणारी चूक ती हीच! आता दोन्ही कागदांवर खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय, एकावर 'डावा', एकावर 'उजवा', आणि पुढं कंसात 'ट्रॅक्टरवर बसून बघताना'.