कॉमन मॉर्मन फुलपाखराचा जनुकसंच : वाचन, जुळणी व अनुकृतीचा उलगडा

प्रस्तावना :
अमरावती जिल्ह्यातील वरूड-मोर्शी परिसर संत्र्यासाठी प्रसिद्ध आहे. संत्रा, लिंबू व कढीपत्ता यांच्या पानांवर वाढणाऱ्या अळ्यांमध्ये ‘पॅपिलिओ पॉलिटीस’ अर्थात कॉमन मॉर्मन या फुलपाखराचा समावेश होतो. या जातीचे नर एकाच रूपाचे असतात. माद्या मात्र बहुरूपी असून काही नरासारख्या, तर काही कॉमन रोझ किंवा क्रिमसन रोझ या पक्ष्यांना अखाद्य असणाऱ्या फुलपाखरांसारख्या दिसतात. हे रूपभेद एकाच जनुकस्थानावर अवलंबून असल्याचे क्लार्क व शेपर्ड यांनी 1972 मध्ये संकर-प्रयोगांतून मांडले. अनेक जनुके परस्परांना जखडून ‘महाजनुक’ बनते, अशी त्या काळी धारणा होती.

वाचन व जुळणी :
क्रमनिर्धारणात डीएनएचे असंख्य लहान तुकडे वाचले जातात आणि समान टोकांच्या आधारे संगणक ते जोडतो. यात दोन अडचणी संभवतात. पुनरावृत्त क्रमांमुळे तुकड्याचे नेमके स्थान कळत नाही; तसेच मातेकडून व पित्याकडून आलेल्या प्रतींत फार भिन्नता असल्यास एकच प्रदेश दोन वेगळे प्रदेश म्हणून नोंदला जातो. एकाच पोथीच्या दोन पाठभेदी प्रती फाटून पाने मिसळावीत, तशीच ही स्थिती होय.

अनुकृतीचा उलगडा :
कृष्णमेघ कुंटे, मार्कस क्रॉनफोर्स्ट व सहकाऱ्यांनी 2014 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की, लिंगभेदाशी संबंधित ‘डबलसेक्स’ हे एकच जनुक येथे महाजनुकाचे कार्य करते. 2015 मध्ये जपानी संशोधकांनी सुमारे 22.7 कोटी बेस-जोड्यांचा जनुकसंच जुळविला. त्यात या जनुकासह सुमारे 1 लाख 30 हजार बेस-जोड्यांचा पट्टा अनुकारी प्रतीत उलटा झालेला आढळला. अशा व्युत्क्रमणामुळे दोन प्रतींमधील देवाणघेवाण रोखली जाते व अनुकृतीला उपयुक्त बदल एकत्र टिकून राहतात.

निष्कर्ष :
यावरून जुळणी हे केवळ यांत्रिक काम नसल्याचे स्पष्ट होते. प्रतींमधील भिन्नता दोष समजून पुसली असती, तर अनुकृतीचे कारणच नाहीसे झाले असते. शिवाय अनुकारी प्रत नसलेल्या एकाच फुलपाखराचा जनुकसंच जुळविल्यास तो निर्दोष असूनही अपुरा ठरतो. म्हणून सार्वजनिक संग्रहांतील जनुकक्रम वऱ्हाडातील फुलपाखरांना सरसकट लागू करणे योग्य नाही. अमरावती व अकोला येथील प्राणिशास्त्र विभागांनी मादीचे रूप, खाद्यवनस्पती, स्थळ व दिनांक यांच्या काटेकोर नोंदी ठेवल्यास स्थानिक नमुन्यांची या क्रमांशी तुलना करणे शक्य होईल. प्रयोगशाळेतील यंत्राइतकेच बागेतील निरीक्षणालाही येथे महत्त्व आहे.