मुलासाठीं दोन पायऱ्यांची घडवंची

शेतकऱ्याच्या घरीं प्रत्येक वस्तु ती वापरणाराच्या उंचीकडे पाहून केलेली असते. गव्हाण बांधावयाची ती बैलाच्या मानेच्या बेतानें; जूं घडवावयाचें तें जोडीच्या खांद्यांच्या बेतानें; रुमणें बसवावयाचें तें नांगर धरणाराच्या हाताच्या बेतानें. वासराचें तोंड मोठ्या गव्हाणीला पोंचत नाहीं, म्हणून त्याच्यापुढें वेगळी पाटी ठेवण्यास आपण चुकत नाहीं. परंतु त्याच घरांत वावरणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाच्या उंचीचा विचार करून केलेली एकहि वस्तु बहुधा आढळत नाहीं.

पूर्वीं ही उणीव जाणवत नसे. चूल जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, जेवणें पाटावर, हातपाय धुणें मोरींत किंवा अंगणांतल्या दगडावर. त्यामुळें मूल बसल्या जागेवरून हवें तें घेई. पक्क्या घरांबरोबर उभ्यानें स्वयंपाक करण्याचा ओटा आला, भिंतीला बेसिन आलें आणि पाण्याची तोटी वर गेली. ओटा साधारणतः ३२ ते ३४ इंच उंच असतो आणि तीन वर्षांच्या मुलाची सबंध उंची ३७ इंचांच्या आसपास असते. म्हणजे ओट्यापुढें उभ्या राहिलेल्या मुलाचे डोळे जेमतेम त्याच्या कांठाशीं येतात. अशा वेळीं मूल काय करतें? हातीं लागेल त्या वस्तूवर चढतें.

प्रस्तुत लेखकाची नात अडीच वर्षांची असतांना तिनें टोमॅटोचें प्लॅस्टिकचें कॅरेट ओढीत नेऊन बेसिनखालीं उभें केलें व त्यावर चढून हात धुवावयास गेली. ओल्या फरशीवर कॅरेट सरकलें आणि बेसिनच्या कांठावर आपटून तिची हनुवटी फुटली. तालुक्याच्या गांवीं नेऊन तीन टांके घालावे लागले. घरांत सर्वांनीं तिला रागें भरलें; परंतु विचार करतां दोष तिचा नव्हता. हात धुवून जेवावयास बसावें हें आम्हींच तिला शिकविलें होतें, आणि पाण्यापर्यंत पोंचण्याची सोय मात्र केली नव्हती. त्याच आठवड्यांत पुढील घडवंची तयार केली. ती चार वर्षें रोजच्या वापरांत आहे. म्हणून तिची माहिती वाचकांपुढें ठेवीत आहें.

बेताचें मर्म एवढेंच कीं, वरची पायरी तळाच्या बाहेर कोठेंहि जातां कामा नये. उफणणीच्या वेळीं उभी करावयाची तिवई तीन पायांची असल्यानें खडबडीत खळ्यांतहि डुगडुगत नाहीं. परंतु दोन पायांच्या मधल्या कांठावर भार पडला कीं ती कलंडते. मोठा मनुष्य तोल सांभाळून उभा राहतो, मूल नेमकें कांठावर पाय देतें. म्हणून मुलाच्या घडवंचीचा तळ चौकोनी, रुंद आणि वरच्या पायरीहून मोठा असावा.

लांकडासाठीं झाड तोडण्याचें कारण नाहीं. सागाचें झाड स्वतःच्या बांधावरचें असलें तरी झाडें तोडण्यासंबंधींच्या १९६४ च्या कायद्याप्रमाणें त्यास परवानगी लागते. जुन्या दाराची फळी किंवा मोडलेल्या गाडीची साटी यांतून हें काम सहज निघतें, व असें लांकूड मुरलेलें असल्यामुळें पुढें वाकत नाहीं. साग सर्वांत चांगला. बाभूळ बळकट खरी, पण जड व रंधण्यास कठीण. आंब्याचें लांकूड स्वस्त असलें तरी त्यास भुंगा लवकर लागतो. सालीकडचें पांढरें लांकूड कोणत्याहि जातीचें असो, कीड प्रथम तेथेंच शिरते. तें काढून टाकावें. कीटकनाशकांच्या पेट्यांच्या फळ्या मात्र कधींहि वापरूं नयेत. लांकडांत मुरलेलें औषध धुवून जात नाहीं.

रंधून सात इंच रुंद व सहा सूत जाड राहील अशी आठ फूट लांब फळी घ्यावी. तींतून पुढील तुकडे काढावे: सव्वाअकरा इंच लांबीचे दोन, सव्वापांच इंच लांबीचे दोन, पंधरा इंच लांबीचे दोन आणि साडेतेरा इंच लांबीचे दोन. शेवटचे दोन तुकडे लांबींत चिरून तीन-तीन इंच रुंदीच्या चार पट्ट्या कराव्या. त्यांपैकीं तीन पट्ट्या आडव्या बंदांसाठीं ठेवाव्या; चौथी पुन्हां उभी चिरून सुमारें दीड इंच रुंदीच्या दोन टेकू-पट्ट्या कराव्या व त्या तेरा इंचांवर तोडाव्या. प्रत्येक टोंक गुण्या लावून काटकोनांत आहे कीं नाहीं हें पाहावें. येथें अर्ध्या सुताची चूक झाली तर घडवंची जन्मभर डुगडुगते.

एक लांब व एक आंखूड तुकडा शेजारीं शेजारीं उभे ठेवून, खालचीं टोंकें एका रेषेंत आणून, कडेला सरस लावून जोडावे. ही झाली एक बाजू. तिचा तळ चौदा इंच भरतो. दोन्ही बाजूंत लांकडाचे तंतू उभे आले पाहिजेत. तंतू आडवे ठेवल्यास भार पडतांच फळी चिरते. बाजूच्या आंतल्या अंगास, आंखूड तुकड्याच्या माथ्याशीं बरोबर, टेकू-पट्टी आडवी लावावी आणि प्रत्येक फळींत दोन स्क्रू घालावे. पुढें पाऊण इंच जागा बंदासाठीं मोकळी सोडावी. या पट्टीमुळें सांधा उकलत नाहीं व खालच्या पायरीस आधारहि मिळतो.

नंतर दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या करून मध्यें तीन बंद बसवावे: एक मागें अगदीं वर, दुसरा वरच्या पायरीच्या पुढच्या कडेखालीं आणि तिसरा खालच्या पायरीच्या पुढच्या कडेखालीं. प्रत्येक टोंकास सरस व दोन इंची दोन स्क्रू द्यावे. खिळे वापरूं नयेत. रोजच्या चढउतारानें ते ढिले होतात. स्क्रूसाठीं आधीं गिरमिटानें भोंक पाडावें, म्हणजे फळी फुटत नाहीं. सरस वाळण्यापूर्वीं तळाचे दोन्ही कर्ण दोरीनें मोजून सारखे करावे.

आतां पंधरा इंची दोन फळ्या पायऱ्या म्हणून वर ठेवाव्या. उभ्या तंतूंच्या टोंकांत स्क्रू घट्ट धरीत नाहीं; म्हणून वरच्या पायरीचे स्क्रू तिच्याखालील दोन बंदांत आणि खालच्या पायरीचे पुढच्या बंदांत व टेकू-पट्ट्यांत उतरवावे. स्क्रूचें डोकें एक सूत लांकडांत बुडवावें. अशा रीतीनें पहिली पायरी सहा इंचांवर व दुसरी बारा इंचांवर येते. सर्व कडा रंध्यानें व कांचकागदानें बोटाच्या टोंकाप्रमाणें गोल कराव्या. तळाला जुन्या ट्यूबच्या रबराचे चार तुकडे चिकटवावे, म्हणजे ओल्या फरशीवर घडवंची सरकत नाहीं.

चकचकीत पॉलिश करूं नये; त्यावर ओला पाय घसरतो. घाण्याचें जवसाचें तेल पातळ लावावें, पाव तासानें पुसून घ्यावें व चांगलें वाळल्यावर दुसरा हात द्यावा. वाळण्यास कांहीं दिवस लागतात. तेलाचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. हें तेल वाळतांना तापतें व चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेतो. त्या उन्हांत पसरून वाळवाव्या. रंगच द्यावयाचा असेल तर शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसलेला घ्यावा. घरगुती रंगांसाठीं ही मर्यादा २०१६ च्या नियमांनीं घातली आहे. मूल लांकूड चावून पाहतेंच.

मुलाच्या आधीं घरांतील मोठ्या माणसानें वरच्या पायरीच्या चारहि कोपऱ्यांवर पाय देऊन पाहावें. जी घडवंची मोठ्याच्या भारानें उचलत नाहीं, तिच्यावरच मुलाला चढवावें. तिची पाठ नेहमीं ओट्यास किंवा भिंतीस टेकलेली असावी आणि मूल वर असतांना कोणीतरी जवळ असावें. शेगडीसमोर, खिडकीखालीं, गच्चीच्या कठड्याशीं किंवा पाण्याच्या टांकीजवळ ती नेऊं नये. काम झालें कीं उचलून ठेवावी.

एवढ्यानें काम संपत नाहीं. घडवंची दिली म्हणजे मुलाला एक फूट उंची दिली. काल जें त्याच्या हाताबाहेर होतें, तें आज हातांत येतें. म्हणून मुलास वरच्या पायरीवर उभें करून हात वर करावयास सांगावें, बोटांच्या टोंकाशीं भिंतीवर खडूची रेघ ओढावी व टांचा उचलण्यासाठीं आणखी चार बोटें धरून तेवढ्या उंचीची एक काठी तोडावी. ती काठी घेऊन सबंध घर फिरावें. प्रत्येक कोनाडा, फडताळ व खुंटी यांस ती लावून पाहावी. आम्हीं फिरलों तेव्हां मागल्या पडवींतल्या कोनाड्यांत फवारणीच्या औषधाची अर्धी बाटली व उंदरांच्या विषाची पुडी काठीच्या टोंकाखालीं सांपडली. दोन्ही वर्षभर तेथें पडून होतीं आणि हीं जागा सुरक्षित आहे अशी सर्वांची समजूत होती. तेव्हांपासून औषधें घराबाहेरच्या पेटींत कुलपाखालीं आहेत.

मूल वाढतें, काठी वाढत नाहीं. म्हणून दर पाडव्यास नवी तोडावी व पुन्हां एकदां घर फिरावें.