परीक्षकांनो, दोन शब्द बोला!

बोईसर-तारापूरच्या कामगार वस्त्यांत १४ एप्रिलच्या जयंतीनिमित्त मुलांच्या चित्रकला स्पर्धा होतात. आम्हीही परीक्षक म्हणून बसतो. एकदा ‘माणसांची मापे चुकली’ एवढेच सांगून आम्ही एका मुलीचे चित्र बाजूला ठेवले. पुढच्या वर्षी ती आलीच नाही. चूक आमची होती. दोन त्रिकोण जोडून माणूस उभा करणारी वारली कला आपल्याच जिल्ह्याची. तिच्यासाठी गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. तिथे कुठे मापे असतात?

आता आम्ही आधी काय साधले ते सांगतो. मग एकच उणीव आणि तिच्यावरचा उपाय. तोही मुलाजवळ बसून, माईकवरून नाही. बक्षिसे तीनच असतात. पण शिकून घरी प्रत्येकाने जावे.