आजोबांच्या दगडावरचं शेवाळ

दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मिस्सा संपली की आमच्या घरचे सगळे सिमेट्रीत जातात. २ नोव्हेंबरला ऑल सोल्स डे. त्या दिवशी फादर येऊन प्रत्येक कबरीवर आशीर्वादाचं पाणी शिंपडतात, संध्याकाळी मेणबत्त्या लागतात, म्हणून त्याआधी कबरी साफ करायच्या. बेळगावचा पाऊस खाऊन उठलेली कबर कशी दिसते ते इथल्या कुणाला सांगायला नको. गवत गुडघ्यापर्यंत आणि दगड हिरवा.

चार वर्षांपूर्वी घाई होती. काथ्यानं घासत बसायला कुणाला वेळ नव्हता, म्हणून बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड आणलं आणि आजोबांच्या संगमरवरी पाटीवर ओतलं. फस्सकन फेस आला. पाच मिनिटांत पाटी नव्यासारखी पांढरी. सगळे खूश झाले, मीही झाले. पुढच्या वर्षी परत तेच केलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. आता आजोबांचं जन्मसाल वाचायचं तर बोट फिरवून चाचपावं लागतं. आणि गंमत म्हणजे शेवाळ गेलं नाहीच. दर पावसाळ्यानंतर ते आधीपेक्षा दाट होऊन परत येतंय.

असं का होतं, हे शोधायला मी आमच्या कॉलेजच्या बॉटनीच्या सरांकडं गेले. मी साहित्याची विद्यार्थिनी. दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक उघडलेलं नाही. सरांनी पहिलाच प्रश्न असा विचारला, की मला वाटलं हे भाषेचेच सर आहेत. "शेवाळ म्हणजे नक्की कुठलं?"

खरंच, मराठीत आपण कशाकशाला शेवाळ म्हणतो! विहिरीच्या पाण्यावरचा हिरवा तवंग शेवाळ, मोरीतला निसरडा थर शेवाळ, आणि भिंतीवर उगवणारी ती मऊ मखमल पण शेवाळच. शब्द आला संस्कृतातल्या 'शैवल'वरून. कालिदासाच्या 'शाकुंतला'त कमळाला वेढून असतं ते शैवल, म्हणजे पाण्यातली वनस्पती. भिंतीवरची मखमल ही वेगळी गोष्ट. तिला इंग्रजीत मॉस म्हणतात. तिला खोड असतं, पानं असतात, आणि पावसाळ्याच्या शेवटी केसाएवढ्या दांडीवर टोपीवाली बोंडंही येतात. त्या बोंडांत बीजाणू असतात, ते वाऱ्यावर उडतात. शाळेच्या पुस्तकात यांना वनस्पतिसृष्टीतले उभयचर म्हटलेलं तुम्हाला आठवत असेल. राहतात जमिनीवर, पण पाण्याशिवाय त्यांचा वंश पुढं जात नाही. नराची पेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादीपर्यंत जाते. तोही प्रवास काही सेंटिमीटरचाच. (२००६ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं, की स्प्रिंगटेल नावाचे उड्या मारणारे बारके किडे आणि माइट या पेशी अंगावर वाहून नेतात. म्हणजे फुलाला मधमाशी तशी मॉसला ही मंडळी. मला हे फार आवडलं.)

पुढं मी 'मॉस'च म्हणते, म्हणजे घोटाळा नको.

मॉसबद्दल एक गोष्ट कळली की बाकी बरंचसं आपोआप कळतं. तिला मुळं नसतात. दगडाला धरून ठेवायला बारीक धागे असतात तेवढेच. पाणी शोधायला खाली जाणारं मूळ नाही. पानं बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीची. पाणी ती सगळ्या अंगानं पिते आणि सगळ्या अंगानंच गमावते. आंब्याचं झाड मे महिन्यात खोलवरचं पाणी ओढून हिरवं राहतं, मॉसला ते जमत नाही. मग ती काय करते, तर चक्क वाळते. अंग आकसून, पानं मिटून, तपकिरी होऊन पडून राहते. मेली असं वाटतं. पहिला पाऊस पडला की काही मिनिटांत पानं उघडतात. आपल्याकडं जुन्या भिंतींवर हायोफिला इन्व्हॉल्यूटा नावाची मॉस सर्रास असते; तिच्या नावातच पानं आत वळण्याचा उल्लेख आहे. एप्रिलमध्ये वाळक्या तुकड्यावर चमचाभर पाणी टाकून बघा. मी बघितलं. चहा उकळेपर्यंत हिरवी.

मुळं नाहीत, म्हणून मॉस जिथं बसली तिथल्या इंचभर जागेच्या हवामानावर जगते. बेळगावचं हवामान काय, याच्याशी तिला फारसं देणंघेणं नाही. या दगडाची ही बाजू किती वेळ ओली राहते, एवढंच तिला विचारायचं असतं. आणि म्हणूनच एका कबरीवरसुद्धा चार तऱ्हेची मॉस चार ठिकाणी वाटून राहते. सरांनी दिलेलं दहापटीचं भिंग घेऊन मी जुलैमध्ये चार रविवार सिमेट्रीत घालवले. राखणदार मामांना आधी वाटलं माझं काहीतरी हरवलंय.

इंग्रजी गोष्टींत वाचलेलं असतं, की मॉस झाडाच्या उत्तरेला उगवते, रानात वाट चुकलात तर तिच्याकडं बघा. ते तिकडच्या अक्षांशांसाठी ठीक आहे. बेळगाव १६ अंश उत्तरेच्या किंचित खाली. इथं मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दहा तारखेपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडं असतो. पण त्यातले बरेच दिवस ढगांत जातात. खरं सुकवणारं ऊन ऑक्टोबर ते एप्रिलचं, आणि ते दक्षिणेकडून येतं. पाऊस मात्र पश्चिमेकडून झोडपतो. म्हणजे दगडाच्या पश्चिम बाजूला पाणी, दक्षिण बाजूला ऊन. आमच्या सिमेट्रीतल्या उभ्या क्रुसांवर सगळ्यात दाट मॉस वायव्येच्या कोपऱ्याकडं आहे, आणि दक्षिण बाजू जवळजवळ उघडी. मामांनी हे भिंगाशिवायच सांगितलं होतं: "ती बाजू सुकतच नाही बघ बाई, दिवाळीपतोर ओलीच असती."

आकारही जागेप्रमाणं बदलतो. क्रुसाच्या डोक्यावर, जिथं वारा आणि ऊन थेट लागतं, तिथं मॉस घट्ट, टाचणीच्या उशीसारखी गोळा होऊन बसते. एकमेकींना चिकटून राहिल्या की मधल्या फटींत पाणी धरलं जातं आणि वारा आत शिरत नाही. खाली, जमिनीलगत, जिथं मातीतली ओल दगडात चढते आणि पावसाचे शिंतोडे उडतात, तिथं ती सैल गालिच्यासारखी पसरते. आंब्याच्या सावलीतल्या कबरींवर हा गालिचा पार वरपर्यंत जातो. कमी उजेडाचं मॉसला वावडं नाही. जास्त उजेडाबरोबर येणारं सुकणं तिला नको असतं.

मग दगड कुठला, हेही आलंच. जुन्या कबरींचे चौथरे जांभ्याचे आहेत. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, पाणी पितो आणि सावकाश सोडतो. मॉसला असं घर दुसरं नाही. घासून चकचकीत केलेल्या काळ्या ग्रॅनाइटवर (हल्ली सगळे तोच लावतात) पाणी टिकतच नाही, म्हणून दहा वर्षांनीही तो कोराच. जांभ्याच्या दोन दगडांमधल्या चुन्याच्या दर्जेत वेगळीच मॉस दिसते, शेजारच्या दगडावर नसलेली. कारण चुना अल्कधर्मी, जांभा आम्लधर्मी. काही मॉसना चुना लागतो, काहींना सोसत नाही. त्यामुळं लांबून बघितलं तर चौथऱ्यावर हिरव्या रेघांची चौकट आखल्यासारखी दिसते. गवंड्यानं पन्नास वर्षांपूर्वी भरलेली दर्ज मॉसनं गिरवून ठेवली आहे.

आणखी एक. एका कबरीच्या उभ्या दगडावर पितळी क्रूस बसवलाय. बाकी दगड हिरवागार, पण क्रुसाच्या बरोबर खाली वीतभर रुंद पट्टा स्वच्छ, पार तळापर्यंत. कुणी घासत असेल असं मला वाटलं. पितळेत तांबं असतं. पावसाचं पाणी त्यावरून उतरताना कणभर तांबं घेऊन येतं, आणि तांबं मॉसला विषच. मुळं असलेल्या झाडात मातीतून काय वर घ्यायचं यावर थोडी तरी राखण असते. मॉसकडं ती सोय नाही. अंगावर पडेल ते आत. याचाच उपयोग करून युरोपात १९९० पासून ठरावीक वर्षांनी अनेक देशांतली मॉस गोळा करून हवेतले जड धातू मोजतात. अमेरिकेत पोर्टलंड शहरात झाडांवरच्या मॉसचे ३४६ नमुने तपासले, तेव्हा रंगीत काच बनवणाऱ्या कारखान्यांजवळ कॅडमियम जास्त निघालं. २०१६ मध्ये ते बाहेर आल्यावर मोठा गदारोळ झाला. हवा मोजायची महागडी यंत्रं तिथं आधी नव्हतीच, आणि मॉस फुकटात वर्षानुवर्षं नोंद ठेवत बसली होती.

इंचाची गोष्ट झाली, आता मैलांची. ऑगस्टमध्ये आम्ही मैत्रिणी आंबोलीला गेलो, बेळगावकर जातात तसे, भजी खायला. शिनोळी ओलांडून चंदगड तालुक्यात शिरलं की रस्त्याकडेची झाडं बघत राहा. बेळगावात मॉस झाडाच्या बुंध्याला, तीही खालच्या दोनतीन हातांत. पश्चिमेकडं जाऊ तशी ती बुंध्यावरून वर चढत जाते, मग फांद्यांवर येते, आणि आंबोलीत धुक्यातल्या फांद्यांवरून दाढीसारखी लोंबते. लोंबणाऱ्या मॉसला दगडाचं किंवा सालीचं पाणी लागतच नाही. ती धुक्यातले थेंब हवेतूनच गाळून घेते. तोपर्यंत माझी समजूत अशी, की उंच गेलं की पाऊस वाढतो. पण बेळगाव साडेसातशे मीटरच्या वर आहे आणि आंबोली त्याहून खाली, सातशेच्या आत. तरी बेळगावला वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस आणि आंबोलीला ७००० च्या आसपास. समुद्राकडून आलेला ढग सह्याद्रीच्या कड्यावर पहिल्यांदा आपटतो तिथं रिकामा होतो. आपल्याला उरलेलं मिळतं, आणि सौंदत्तीकडं त्याच्याही निम्मं. माझ्या एका मैत्रिणीचं आजोळ तिकडं आहे. तिला विचारलं, तुमच्याकडं भिंतींवर मॉस असते का गं? ती म्हणाली, आमच्याकडं भिंतींवर धूळ असते.

आता परत पाटीकडं. पहिली गोष्ट: त्या दिवशी जे फसफसलं ते शेवाळ नव्हतं, दगड होता. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. अ‍ॅसिड पडलं की तो विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. मॉस निघाली, कारण तिच्या पायाखालचा दगडच निघून गेला. दुसरी गोष्ट: गुळगुळीत पाटी खरखरीत झाली. खरखरीत दगडावर पाणी जास्त वेळ टिकतं, धूळ अडकते, बीजाणू अडकतात. म्हणजे शेवाळासाठी आम्ही दर वर्षी जमीन नांगरून देत होतो. मी लहान असताना पाटी पांढरी आणि फक्त कोरलेली अक्षरं हिरवी असायची, कारण ओल आणि माती तेवढ्याच खाचांत साठायची. आजोबांचं नाव हिरव्या अक्षरांत लिहिल्यासारखं लांबून वाचता यायचं. आता सगळी पाटी सारखीच हिरवी आहे आणि नाव वाचता येत नाही.

मॉस अगदी निष्पाप आहे असं नाही. ती दगडाला ओला ठेवते, आधीच्या भेगांत तिचे धागे शिरतात, मागून माती साठते आणि मग पिंपळाचं बी पडलं तर चौथरा गेलाच. म्हणून काढायची नाही असं मी म्हणत नाही. पण ती पाणी आणि मऊ ब्रशनं, ती भिजून मऊ झालेली असताना निघते. तारेचा ब्रश नको, अ‍ॅसिड तर नकोच.

हे सगळं मी आत्तीला सांगितलं. आत्ती म्हणजे वडलांची मोठी बहीण, कबरीचं सगळं तीच बघते. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते सगळं खरं गं. पण शेवाळ ठेवून कबर साफ केली कशी म्हणायची? शेजारची कबर पांढरी फटक आणि पप्पांचीच हिरवी? लोक म्हणतील मुलांना आठवण नाही." याला माझ्याकडं शास्त्रीय उत्तर नव्हतं. पप्पांच्या दगडाला पोरांनी वर्षातून एकदा हात लावायचा, हे तिच्या दृष्टीनं साफसफाईपेक्षा मोठं आहे, आणि ते मला पटतं.

शेवटी वाटणी झाली. पाटी माझ्याकडं: आदल्या संध्याकाळी भिजवायची आणि सकाळी नायलॉनच्या ब्रशनं अक्षरन् अक्षर काढायचं, कितीही वेळ लागो. चौथऱ्याला कुणी हात लावायचा नाही, कारण दर्जेतला चुना अ‍ॅसिडनं सुटतो हे आत्तीला बाबांनीच समजावलं. समोरची सिमेंटची फरशी आत्तीची, पण तिथंही साबण आणि काथ्याच. बाटली तिनं अजून फेकलेली नाही. मोरीसाठी लागेल म्हणते.