लोखंड घासा, कांदा चोळा

गांधीलमाशीनं डंख मारला की गावाकडं पहिली आरोळी पडते ती ‘लोखंड आणा’ अशी. मग विळा, कुलूप, पाना, जे हाती लागेल ते दंशावर घासलं जातं. लोखंडात विष ओढून घ्यायची कसलीही शक्ती नाही. पण धातू त्वचेपेक्षा गार असतो आणि गारव्यानं ठणका कमी होतो. फडक्यात गुंडाळलेला बर्फ हेच काम जास्त चांगलं करतो.

मधमाशीचं गणित थोडं निराळं. तिच्या नांगीला उलटे काटे असतात, त्यामुळे ती कातडीत अडकते आणि माशी उडताना विषाच्या पिशवीसकट तुटून मागं राहते. तुटलेली पिशवी तशीच आकुंचन पावत विष आत ढकलत राहते. नांगी चिमटीत धरली तर विष पिळलं जाईल, म्हणून ती नखानं खरवडूनच काढावी, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. 1996 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संशोधकांनी स्वतःला मधमाश्या चाववून घेऊन हे तपासलं. चिमटा की खरवड, यानं सुजेत फरक पडला नाही. फरक पडला तो नांगी काढायला झालेल्या उशिरामुळे. तेव्हा खरवडायला खेळायचा पत्ता नाहीतर नाणं शोधत बसू नये, बोटांनीच उपटून टाकावी. आणि जागा सोडावी. नांगीबरोबर धोक्याची सूचना देणारा गंध सुटतो, पिकल्या केळ्यासारखा, आणि तो बाकीच्या माश्यांना तिथंच बोलावतो. गडावर आग्या मोहोळ उठतं तेव्हा म्हणूनच एकावर थांबत नाही.

आता खायचा सोडा. मधमाशीचा दंश आम्लधर्मी, म्हणून त्यावर सोडा लावावा, हे एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातही आहे. पण या विषाचा निम्मा सुका भाग मेलिटिन नावाच्या पेप्टाइडचा असतो, आणि ते गेलेलं असतं कातडीच्या आत. वरून लावलेला सोडा तिथवर पोचत नाही. थंड लेपानं बरं वाटतं, एवढंच. चुना मात्र नकोच; तो तीव्र अल्कली आहे, कातडी भाजते. डासाच्या नाहीतर ढेकणाच्या खाजेला कॅलामाइन पुरेसं.

खरी गफलत होते विंचवापाशी. (विंचू कीटक नव्हे, कोळ्याचा भाऊबंद, पण घरगुती उपचारांच्या यादीत तोच पहिला.) आघाड्याचं मूळ, उगाळलेला चिंचोका, कांदा, शिवाय मांत्रिक आहेच. बरेच दंश नुसते ठणकतात आणि काही तासांत आपोआप शमतात. श्रेय चिंचोक्याला जातं. कोकणातला लाल विंचू असा सोडत नाही. त्याच्या विषानं शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो: दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, मग फुप्फुसात पाणी. डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा अशी मुलं त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत होती. रात्र रात्र खाटेशी बसून त्यांनी लक्षणं टिपली आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध वापरून पाहिलं. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

प्राझोसिन लवकर दिलं तरच हे साधतं, आणि चिंचोका चिकटवून वाट पाहण्यात जाते ती नेमकी हीच वेळ. ठणका कमी झाला म्हणून विष उतरलं असंही समजू नये. घाम नि उलट्या सुरू असतील तर वेदना नसली तरी धोका असतोच. विंचू चावलेल्या मुलाला बर्फ लावावा, चावल्याची वेळ लक्षात ठेवावी, चिरा देऊ नये, घट्ट बांधू नये आणि थेट दवाखाना गाठावा. माशीच्या दंशानंतर अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, घसा आवळला, श्वास लागला तरीही हेच. तिथं लागतं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, आणि ते काही मिनिटांत.