परसातली कोंबडी : नैसर्गिक म्हणजे बेवारशी नव्हे

आपल्या खानापूर-बेळगाव भागातील खेड्यांत पहाटे कोंबडा आरवत नाही असे घर विरळाच. चार-पाच कोंबड्या आणि एक कोंबडा हा घरच्या बाईचा स्वतःचा कारभार असतो. अंड्यांचा पैसा तिच्या हाती येतो. त्यातून मुलांच्या वह्या येतात, मीठ-मिरची येते, दवाखान्याला जायचे बसभाडे निघते. या धंद्याला भांडवल लागत नाही असे सगळे म्हणतात, आणि ते बरेचसे खरेही आहे. पण त्यावरून या धंद्याला लक्षही लागत नाही, असे जे समजतात त्यांची फसगत होते. आमचीही झाली. ती हकीगत आधी सांगतो, म्हणजे पुढचे सांगणे कशासाठी आहे ते कळेल.

काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या परसात चौदा देशी कोंबड्या पाळल्या होत्या. देशी कोंबडी मुळातच काटक, तिला लसबिस कशाला, असा आमचा समज होता. पिण्याच्या पाण्यात हळद व कडुलिंबाचा पाला टाकत होतो आणि त्यावर निर्धास्त होतो. मार्च महिन्यात आठवडी बाजारातून आणखी दोन कोंबड्या आणल्या व त्याच संध्याकाळी इतरांत सोडून दिल्या. आठवडा झाला नाही तोच एक कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसली. हिरवट हगवण, चोच उघडून श्वास घेणे. मग दुसरीची मान पिळल्यासारखी मागे वळली. दहा दिवसांत सोळांपैकी तेरा मेल्या. याहून वाईट पुढेच आहे. आमच्याकडची साथ कुंपणापलीकडच्या घरी गेली. तिथे एका विधवा बाईच्या नऊ कोंबड्या होत्या. एकही उरली नाही. ती आम्हाला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

तेव्हापासून आम्ही एक साधा नियम पाळतो : कोंबडीला जे येते ते तिला करू द्यावे, आणि जे तिला येत नाही ते आपण करावे. आमच्या मते नैसर्गिक पद्धत ती हीच.

कोंबडीला काय येते?

घरची कोंबडी मूळची रानातली. उत्तर व पूर्व भारतापासून आग्नेय आशियापर्यंत आढळणारी तांबडी रानकोंबडी ही तिची मुख्य पूर्वज. आपल्या घाटातल्या जंगलात दिसतो तो करडा रानकोंबडा वेगळ्या जातीचा. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की, पुष्कळ घरगुती कोंबड्यांची पिवळी कातडी व पिवळे पाय या करड्या जातीकडून आलेले आहेत. म्हणजे आपल्या अंगणातल्या कोंबडीत रान अजून जिवंत आहे. उकरून खाणे, धुळीत लोळणे, उंचावर बसून झोपणे, अंडी उबवणे, पिले पंखाखाली घेणे हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. यातल्या कशालाही यंत्र नको की वीज नको.

मात्र रात्री खुराड्याचे दार लावणे तिला येत नाही. चार दिवसांच्या पिलाला घारीपासून दर वेळी वाचवणे तिला जमत नाही. आणि साथीच्या रोगापुढे ती अगदी निरुपाय असते. आपली कामे हीच.

खाणे

दिवसभर मोकळी फिरणारी कोंबडी किडे, गांडुळे, गवताचे बी, कोवळा पाला व खरकटे यांवर बरेचसे पोट भरते. तिला सकाळी सोडताना व संध्याकाळी आत घेताना मूठ-मूठ धान्य द्यावे : तांदळाची कणी, नाचणी, ज्वारी, थोडा कोंडा, मिळाल्यास शेंगदाण्याची पेंड. संध्याकाळच्या दाण्याचा दुसरा उपयोग असा की, कोंबड्या आपोआप घरी येतात व मोजता येतात. बुरशी आलेला दाणा मात्र कधीच घालू नये. तो वाया जाऊ नये म्हणून कोंबडीला घालणे म्हणजे तिला विष घालणे आहे.

पिलांसाठी वाळवी हे उत्तम खाद्य. जुन्या मडक्यात ओलसर गवत व शेण भरून ते संध्याकाळी वाळवीच्या जागी पालथे ठेवावे. सकाळी त्यात वाळवी भरलेली असते. ती पिलांपुढे झटकावी. शरीर वाढायला जे प्रथिन लागते ते यात फुकट मिळते. अंड्यांवरच्या कोंबडीला चुन्याची गरज असते, नाहीतर कवच पातळ येते. घरातली अंड्यांची टरफले भाजून, कुटून द्यावीत. गोव्याकडच्या नातलगांकडून तिसऱ्यांचे शिंपले मिळाले तर तेही कुटून घालावेत. स्वच्छ पाणी सावलीत ठेवावे व रोज बदलावे. उन्हाळ्यात दोनदा.

रात्रीचा निवारा

खुराडे जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावे. दर कोंबडीला निदान एक चौरस फूट जागा धरावी. तळ बांबूच्या कामट्यांचा केला तर विष्ठा खाली पडते व आत ओल राहत नाही. बाजूने वारा खेळावा, पण मुंगूस व रानमांजर शिरेल एवढी फट नसावी. आत आडवा दांडा हवा. जमिनीवर झोपणे कोंबडीच्या स्वभावात नाही. वर्षातून दोन-तीन वेळा, विशेषतः पावसाळ्याआधी, खुराड्याला चुना लावावा व फटी भरून घ्याव्यात. पिसवा फटींत राहतात.

एका कोपऱ्यात कोरडी माती व चुलीची राख मिसळून ठेवावी. कोंबड्या त्यात लोळून अंगावरच्या उवा स्वतःच झाडतात. खाली साठलेली विष्ठा ताजी घालू नये, रोपे जळतात. पालापाचोळ्यात कुजवून मग ती मिरचीला किंवा माडाला घालावी.

खुडूक कोंबडी

देशी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक बसते. वर्षाची अंडी पन्नास-साठच्या आसपास भरतात. कोणी म्हणेल, एवढ्याने काय होते? बंगळूरला तयार झालेली गिरिराज किंवा हैदराबादची वनराज जात याहून बरीच जास्त अंडी देते, आणि परसात पाळायलाच त्या जाती काढल्या आहेत. ज्यांना अंडीच विकायची त्यांनी त्या जरूर पाळाव्यात. पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. पिले दर वेळी विकत आणावी लागतात, नाहीतर त्यांची अंडी देशी कोंबडीखालीच ठेवावी लागतात. म्हणून घरात दोन तरी देशी कोंबड्या असाव्यात.

उबवायची अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांचीच घ्यावीत. निमुळते टोक खाली करून ती थंड जागी ठेवावीत. फुटकी, फार लहान किंवा वेडीवाकडी अंडी खाण्यास वापरावीत. टोपलीत तळाशी राख, वर गवत, आणि दहा-बारा अंडी. कोंबडीला रात्री बसवावे, म्हणजे ती शांतपणे बसते. दाणापाणी जवळच ठेवावे. दिवसातून एकदा ती थोडा वेळ उठते, तेव्हा तिला अडवू नये.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे बॅटरी धरून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडे जिवंत आहे. स्वच्छ दिसले तर ते फळलेले नाही, काढून टाकावे. एकविसाव्या दिवशी पिले बाहेर येतात. अडलेल्या पिलाला ओढून काढण्याची घाई करू नये. दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवल्या तर सगळी पिले एकीला देता येतात, आणि दुसरी लवकर पुन्हा अंड्यांवर येते. आपल्याकडच्या पावसाचा विचार करता दसऱ्यानंतर ते माघापर्यंत बसवलेली अंडी आम्हाला सर्वांत चांगली लाभली.

आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरे. तोच कोंबडा वर्षानुवर्षे ठेवू नये; लांबच्या गावाशी अदलाबदल करावी, म्हणजे रक्त एकाच घरात फिरत राहत नाही.

पहिले सहा आठवडे

घरोघरी विचारून पाहा, पिले किती निघाली हे सगळ्यांना आठवते. किती जगली हे कोणी सांगत नाही. खरे नुकसान इथेच आहे. पहिले दोन आठवडे आई व पिले डालग्याखाली ठेवावीत. पुढे कोवळ्या उन्हात, कोणी जवळ असताना, बाहेर सोडावीत. घार व कावळा यांना एकदा वाट सापडली की ते रोज येतात. पिलांचा भरडा अशा कामट्यांच्या आड ठेवावा की पिलू आत जाईल, मोठी कोंबडी जाणार नाही. पाण्याचे भांडे उथळ हवे व त्यात दोन खडे टाकावेत. वाटीभर पाण्यातही पिलू बुडून मरते.

हिशेब करून पाहू. आठ पिले निघाली आणि दोन जगली, असे वर्षातून तीनदा झाले तर हाती सहा कोंबड्या येतात. आठांतली पाच जगली तर पंधरा. कोंबडी तीच, अंडी तेवढीच. फरक डालग्याचा, मूठभर भरड्याचा आणि पुढे सांगतो त्या लसीचा.

मानमोडी

आमच्या कोंबड्या ज्या रोगाने मेल्या त्याला आपण मानमोडी म्हणतो. पुस्तकी नाव राणीखेत. हिमालयातल्या राणीखेत गावी १९२७ च्या सुमारास तो नोंदला गेला म्हणून हे नाव. हा विषाणूचा रोग आहे. एकदा जडला की त्यावर औषध नाही. हळद, लसूण, कडुलिंब यांचे गुण आम्ही नाकारत नाही, पण मानमोडी त्यांनी थांबत नाही, हे आम्ही तेरा कोंबड्या पुरून शिकलो आहोत.

उपाय एकच, आधी लस. पिलू पाच ते सात दिवसांचे असताना लासोटा किंवा एफ जातीच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत घालतात. आठ ते दहा आठवड्यांनी पंखाच्या कातडीखाली आर-टू-बी लस टोचतात. कोंबड्यांच्या देवीची लस सहा-आठ आठवड्यांच्या वयात देतात. पुढे मानमोडीची लस पुन्हा केव्हा द्यायची ते गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टरांना विचारावे. ही साथ केव्हाही येते, तरी उन्हाळ्यात व ऋतू पालटताना तिचा जोर असतो. म्हणून मोठ्या कोंबड्यांचे काम फेब्रुवारीतच उरकावे. लस निरोगी कोंबडीलाच द्यावी, आजारी नव्हे.

अडचण अशी की, लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते. ती बर्फात ठेवून आणावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी एकटी बाई कुपी आणणार कशी? म्हणून हे एका घराचे काम नव्हे, वाड्याचे आहे. दहा-पंधरा घरांनी दिवस ठरवावा, थर्मासात बर्फ घालून एकाने लस आणावी, आदल्या रात्री सर्वांनी कोंबड्या डालून ठेवाव्यात. सकाळी उन्हाआधी काम होते आणि खर्च वाटून घेतला तर घरटी अगदी थोडा येतो.

आणखी तीन गोष्टी. बाजारातून आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवावी, सणासाठी आणलेली असली तरी. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा रस्त्यावर टाकू नये. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावी व हात साबणाने धुवावेत. आणि आजारी कोंबडी घाईने बाजारात नेऊन विकू नये. आपले शंभर-दोनशे रुपये वाचतात, पण दुसऱ्या गावची खुराडी रिकामी होतात. हा व्यवहार नव्हे, अन्याय आहे. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर डॉक्टरांना कळवावेच. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशात प्रथम बर्ड फ्लू आढळला. तेव्हापासून अशा मरणाकडे काणाडोळा करून चालत नाही.

शेवटी एक विनंती. सगळी अंडी विकू नका. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. वाढत्या मुलाला, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला ते नीट शिजवून द्यावे. घरची अंडी विकून दुकानातली बिस्किटे आणणे हा तोट्याचा सौदा आहे.

त्या शेजारच्या बाईला आम्ही पुढच्या हंगामात आमच्या खुडूक कोंबडीची पहिली सात पिले दिली. आता तिच्याकडे अकरा कोंबड्या आहेत. वाड्यात लस टोचायचा दिवस ठरला की डालगे घेऊन सर्वांत आधी तीच येते, आणि आमच्या कोंबड्या आणल्यात का, असे आम्हालाच विचारते.