वारशाने आलेले घड्याळ : दुरुस्ती आणि जतन

वडिलार्जित वस्तूंमध्ये मनगटी घड्याळाचे स्थान काहीसे वेगळे आहे. जमीनजुमला कागदोपत्री असतो, दागिने पेटीत असतात. परंतु घड्याळ हे ज्याचे असते त्याच्या अंगावर वर्षानुवर्षे वावरलेले असते. काचेवरील ओरखडे, पट्ट्याजवळ झिजलेली कड, तबकडीवर चढलेली पिवळसर झाक ह्या सर्वांत त्या माणसाच्या दिनक्रमाची नोंद राहून जाते. म्हणूनच असे घड्याळ बंद पडलेल्या स्थितीत कपाटात सापडले म्हणजे घरात दोन मते होतात. एक म्हणतो, ‘ते चालू करून घ्यावे.’ दुसरा म्हणतो, ‘हात लावाल तर बिघडेल; आहे तसेच असू द्या.’ दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. ह्या दोहोंचा मेळ कसा घालावा, हे ह्या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम घड्याळाचे अंतरंग पाहू. ज्याला रोज किल्ली द्यावी लागते अशा घड्याळात विजेचा सेल नसतो. किल्ली दिली की एका वाटोळ्या डबीत गुंडाळलेली पोलादी कमान आवळली जाते. ती उलगडू पाहते आणि तिचे बळ दंतचक्रांच्या मालिकेतून पुढे पोहोचते. हे बळ एकदम निसटून जाऊ नये म्हणून मालिकेच्या शेवटी एक अडणी आणि तिच्यापुढे तोलचक्र बसविलेले असते. केसासारख्या बारीक कमानीच्या आधाराने तोलचक्र इकडून तिकडे हेलकावे घेते आणि प्रत्येक हेलकाव्यास अडणी दंतचक्राला किंचित पुढे सरकू देते. आपल्याला ऐकू येणारी टिकटिक ती हीच. जुन्या अनेक घड्याळांत असे ठोके तासाला १८,००० म्हणजे सेकंदाला ५ पडतात. दिवसाचा हिशेब मांडला तर ते ४,३२,००० होतात! एवढे श्रम करणारे दुसरे कोणते यंत्र आपण खिशात किंवा मनगटावर बाळगतो?

तबकडीवर ‘१७ ज्युवेल्स’ असे शब्द पुष्कळांनी वाचले असतील. ही रत्ने म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेली कृत्रिम माणके होत. चक्रांच्या आसांची टोके त्यांच्या छिद्रांत फिरतात, त्यामुळे घर्षण व झीज कमी होते. तरीही तेथे तेलाचा अगदी सूक्ष्म थेंब लागतोच. काही वर्षांनी हे तेल सुकते, घट्ट होते. त्यात धूळ मिसळली की वंगणाऐवजी तेच कानशीचे काम करू लागते. म्हणून ‘घड्याळ चालते आहे ना, मग त्याला काय झाले आहे?’ हा युक्तिवाद फसवा आहे. सुकलेल्या तेलावर चालणारे घड्याळ प्रत्येक ठोक्यागणिक स्वतःला झिजवीत असते.

लोकांत असाही एक समज आहे की, किल्ली जास्त दिल्यामुळे घड्याळ बंद पडले. वस्तुतः किल्ली पूर्ण बसलेली असते, कमानीत जोरही असतो. परंतु चिकट झालेल्या तेलामुळे चक्रे हलत नाहीत. कमानीचा काहीच दोष नसतो.

आपल्या कोकण-गोव्याच्या किनारपट्टीवर आणखी एक शत्रू आहे. खारी हवा आणि पावसाळ्यातील ओल किल्लीच्या गुंडीवाटे हळूहळू आत शिरते आणि पोलादी भागांवर गंज चढतो. तेव्हा कपाटातून निघालेले घड्याळ कानाशी धरून पुनःपुन्हा किल्ली देऊन पाहण्याचा मोह आवरावा. ते आधी जाणत्या घड्याळजीकडे न्यावे, हा पहिला नियम.

आता जतनाचा प्रश्न. घड्याळाच्या भागांचे दोन वर्ग करावेत, असे आम्हांस वाटते. पहिला वर्ग झिजून जाण्यासाठीच असलेल्या वस्तूंचा : तेल, मुख्य कमान, ओल रोखणारे रबरी कडे, चामड्याचा पट्टा. ह्या बदलल्याने घड्याळाचे मूळपण जात नाही. दुसरा वर्ग घड्याळाची ओळख ज्यांत आहे अशा भागांचा : तबकडी, काटे, किल्लीची गुंडी, धातूचे बाह्य कवच आणि आतील मूळ यंत्र. ह्यांना शक्यतो हात लावू नये. काच मात्र दोन्ही वर्गांच्या सीमेवर आहे. ती तडकली असेल तर धूळ व ओल आत जाते, म्हणून बदलावीच. नुसते ओरखडे असतील तर प्लॅस्टिकची काच हलक्या हाताने घासून पुष्कळ उजळते.

ओळख पुसली जाते ती बहुधा चांगल्या हेतूनेच. गोव्यातील जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबड्या मातीच्या रंगात काढलेली कावीची चित्रे असत. जीर्णोद्धाराच्या उत्साहात त्यांपैकी कितीतरी चित्रे नव्या रंगाखाली गाडली गेली. रंग देणाऱ्याच्या मनात भक्तीच होती. पण गेलेले चित्र काही परत आले नाही. घड्याळाचेही तसेच आहे. कवचाला चकाकी आणण्यासाठी यंत्रावर घासले की त्याच्या रेखीव कडा बोथट होतात आणि कधीकधी मागील अक्षरे व क्रमांकही पुसट होतात. घासून गेलेला धातू पुन्हा आणता येत नाही.

ह्याचे एक उदाहरण आमच्या पाहण्यातले आहे. एका विद्यार्थ्याच्या घरी आजोबांचे एच.एम.टी. ‘जनता’ घड्याळ होते. हिंदुस्थान मशीन टूल्स ह्या सरकारी उद्योगाने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगळूर येथे घड्याळांचे उत्पादन सुरू केले आणि ‘जनता’ हे त्यांतील सर्वांत लोकप्रिय घड्याळांपैकी एक ठरले. ह्या घड्याळ कंपनीचा कारभार बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. त्यामुळे कारखान्यातून नवे मूळ भाग मिळण्याची आशा आता उरलेली नाही. त्या कुटुंबाने घड्याळ दुरुस्तीस दिले, परंतु काय करू नये हे सांगितले नाही. घड्याळ परत आले ते उत्तम चालत होते. मात्र पिवळसर झालेली जुनी तबकडी जाऊन तेथे भडक निळ्या रंगाची, नव्याने छापलेली तबकडी आली होती. जुनी तबकडी दुकानातून केव्हाच टाकून दिली गेली होती. आजीबाईंनी घड्याळ हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, ‘चांगले आहे. कोणाचे आहे हे?’ दुरुस्ती करणाऱ्याने आपल्या समजुतीप्रमाणे कामच केले होते. पण घरातील ज्या एका व्यक्तीसाठी ते घड्याळ चालू करावयाचे होते, तिला ते ओळखताच आले नाही.

तेव्हा घड्याळ देताना पुढील गोष्टी पाळाव्यात. देण्यापूर्वी पुढून, मागून व दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि मागील झाकणावरील क्रमांक लिहून ठेवावा. घड्याळजीने झाकण उघडले की आतील यंत्राचेही छायाचित्र मागावे. ‘तबकडी रंगवू नये, काटे बदलू नयेत, कवचाला पॉलिश करू नये, विचारल्यावाचून कोणताही भाग बदलू नये आणि बदललेला जुना भाग परत द्यावा’ ही पाच वाक्ये कागदावर लिहून द्यावीत. तोंडी सांगितलेले गर्दीच्या दुकानात विसरले जाते. काम कसे करणार, हेही नम्रपणे विचारावे. सगळे यंत्र न उघडता नुसते पेट्रोलमध्ये बुडवून काढणे ही खरी सफाई नव्हे. प्रत्येक भाग सुटा करून, धुऊन, तपासून, योग्य ठिकाणी योग्य तेल घालून पुन्हा जोडणे म्हणजे सफाई. जाणता घड्याळजी असे प्रश्न विचारल्याने रागावत नाही. उलट गिऱ्हाइकाला घड्याळाची कदर आहे हे पाहून त्याला समाधानच वाटते. अशा कारागिराची मजुरी थोडी अधिक असली तरी ती द्यावी. त्याच्या डोळ्याला लावलेल्या भिंगामागे कित्येक वर्षांची साधना असते.

एक धोक्याची सूचना येथे देणे अवश्य आहे. अंधारात चमकणारे आकडे व काटे असलेल्या बऱ्याच जुन्या घड्याळांत रेडियम वापरलेले असे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात विसाव्या शतकाच्या आरंभी अशा तबकड्या रंगविणाऱ्या मुली कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरीत; त्यामुळे कित्येकींना हाडांचे भयंकर विकार जडले आणि अनेकींचा अंत झाला. रेडियमचे तेज निम्मे होण्यास सुमारे १,६०० वर्षे लागतात. रंगातील चमकणारा पदार्थ मात्र लवकर निकामी होतो. म्हणून आकडे चमकत नाहीत, याचा अर्थ रेडियम संपले असा नव्हे. असे घड्याळ घरी कधीही उघडू नये, त्यातील रंग खरवडू नये आणि घड्याळजीलाही आधीच सूचना द्यावी.

दुरुस्त झालेल्या घड्याळाकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नये. दिवसाकाठी काही सेकंदांचा, प्रसंगी अर्ध्या मिनिटाचा फरक जुन्या यंत्राला शोभून दिसतो. ते अचानक फार पुढे धावू लागले तर लोहचुंबकाचा परिणाम झाला असण्याचा संभव असतो. तो दोष घड्याळजी काही क्षणांत काढून टाकतो. मोबाइल व ध्वनिक्षेपक ह्यांच्याजवळ ते ठेवू नये. झाकणावर काहीही लिहिलेले असो, जुन्या घड्याळाला पाण्यापासून दूर ठेवावे. रोज ठरावीक वेळी किल्ली द्यावी, अडल्यावर जोर करू नये आणि चारपाच वर्षांनी सफाई करावी.

विद्यार्थिमित्रहो, शेवटी तुमच्याकडे एक काम सोपवितो. घरात असे घड्याळ असेल तर ते कोणी, केव्हा, कोठे घेतले. पहिल्या पगारातून घेतले, की लग्नात मिळाले, की जहाजावर नोकरीस असलेल्या एखाद्या गोवेकराने परदेशी बंदरातून आणले, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहा आणि तो कागद घड्याळाजवळ ठेवा. कारागीर यंत्र पुन्हा चालू करू शकेल. पण त्याच्या मालकाची हकिकत त्याला ठाऊक नसते. ती सांगणारी माणसे आज घरात आहेत, तोवरच ती विचारून घ्यावयास हवी.